शिकलेलं ताजं कसं राहतं?

समजा, २००० साली एएनएमचा कोर्स पूर्ण करून एक मुलगी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यात एखाद्या उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून रुजू झाली. परीक्षेत गुण चांगले होते, हात हलका होता, सिस्टरचं इंजेक्शन दुखत नाही असं गावात नावही झालं. इतक्या वर्षांत ती एकही धडा विसरली नाही, असंही धरून चालू. मग २००० साली जसं शिकवलं होतं अगदी तसंच ती आजही करत असेल, तर ती किती ठिकाणी चुकेल?

हा हिशेब मांडायला बसलं की थक्क व्हायला होतं. जुलाब लागलेल्या पोराला ओआरएस द्यायचं, हे तिला ठाऊक होतं आणि ते आजही बरोबरच आहे. पण ती पुडी आतून बदलली. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने पुडीतलं मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी करायला सांगितलं. द्रावण पातळ झालं की आतड्यातून पाणी जास्त सहज शोषलं जातं आणि उलट्याही कमी होतात, असं दिसून आलं होतं. २००४ पासून ओआरएसच्या जोडीला झिंकच्या गोळ्या आल्या. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळी १४ दिवस द्यायची. थांबलेल्या जुलाबावर आणखी अकरा दिवस गोळी कशाला, असं आई विचारणारच, आणि त्याचं उत्तर सिस्टरला देता यायला हवं.

साप चावल्यावर वर घट्ट दोरी आवळायची, जखमेला चीर द्यायची, हे प्रथमोपचार म्हणून पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. आता दोन्ही गोष्टींना स्पष्ट मनाई आहे. आवळलेल्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हातपाय गमवायची पाळी येते. माणसाला धीर द्यायचा, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष जिथे असेल तो दवाखाना गाठायचा. धानाच्या बांधीत आणि कापसाच्या वावरात राबणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत हा बदल कागदावर राहून चालत नाही.

हिवतापाचंही तेच. तेव्हा तापाच्या रुग्णाचं रक्त काचपट्टीवर घेऊन पाठवायचं, क्लोरोक्विन सुरू करायचं आणि निकालाची वाट बघायची. आज आशाताईच्या पिशवीतली पट्टी वीसेक मिनिटांत उंबरठ्यावरच निकाल देते, आणि फॅल्सिपॅरम प्रकारचा हिवताप निघाला तर औषधच वेगळं. लसीकरणाच्या तक्त्यात तेव्हा सहा रोग होते, आता ते डझनाच्या घरात गेलेत. पोलिओ म्हणजे जिभेवरचे दोन थेंब एवढंच शिकलेल्या हाताला आज तोच रोग टाळण्यासाठी ०.१ मिली लस कातडीच्या थरात टोचावी लागते.

मला सगळ्यात नवल वाटतं ते लसीच्या डब्याचं. चंद्रपूर जिल्ह्यातला उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा लस उन्हाने खराब होईल ही भीती कुणालाही कळते. प्रत्येक कुपीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो. कुपीने सोसलेल्या उष्णतेची बेरीज होत जाते तसा आतला चौकोन गडद होत जातो. तो भोवतालच्या गोलाइतका गडद झाला की कुपी बाद. हे वाचायला अक्षरओळखही लागत नाही. पण धोका दुसऱ्या बाजूनेही असतो. पेंटाव्हॅलंटसारख्या काही लसी गोठल्या की निकामी होतात, आणि गोठलेलं नुकसान तो चौकोन दाखवत नाही. म्हणून फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक तसाच डब्यात घालायचा नाही. तो बाहेर ठेवून द्यायचा, मधूनमधून कानाशी हलवून पाहायचा, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच भरायचा. बाहेर रस्त्याचं डांबर पाघळत असताना लस थंडीने मरू नये म्हणून कान देऊन बसलेली सिस्टर, हे दृश्य प्रशिक्षणाशिवाय कुणाला सुचलंच नसतं.

म्हणूनच अनेक ठिकाणी आरोग्यसेवेतल्या पेशांच्या प्रमाणपत्राला मुदत घातलेली असते. अमेरिकेत डॉक्टरच्या हाताखाली रक्तदाब मोजणं, रक्त घेणं, नोंदी ठेवणं अशी कामं करणारे मेडिकल असिस्टंट असतात. त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या प्रमाणपत्राची मुदत ६० महिन्यांची असते आणि परीक्षा पुन्हा न देता ते चालू ठेवायचं तर तेवढ्या काळात ६० गुणांचं शिक्षण घ्यावं लागतं. हृदय थांबल्यास छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचं प्रशिक्षणही ताजं असावं लागतं. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने परिचारिका आणि एएनएम यांच्यासाठी नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत १५० तासांचं शिक्षण ठरवून दिलंय. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरांकडून पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मागते. दवाखान्यातला कंपाउंडर, ड्रेसर, प्रयोगशाळेत नमुने हाताळणारा मदतनीस, यांतल्या पुष्कळांना आजवर अशी कुठलीच चौकट नव्हती. त्यांच्यातले किती तरी जण कामात वाकबगार असतात, पण शिकवणारं कुणी भेटलं तरच शिकतात. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यामुळे आता यातल्या अनेक पेशांची नोंदणी आणि दर्जा ठरवायची सोय झाली आहे.

पण तास आणि गुण मोजले की काम झालं, असं मला वाटत नाही. कारण इथे दुसरी एक गोष्ट कायम आपल्या विरुद्ध काम करत असते, ती म्हणजे विसर.

जर्मनीतल्या हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली विसरण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगाचा विषय तो स्वतःच होता. त्याने अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या पाठ केल्या, मग ठरावीक काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती वेळ कमी लागतो ते मोजलं. एका तासात निम्म्याहून जास्त बचत उडून गेली. दिवसानंतर तिसरा हिस्सा उरला. पण महिन्यानंतरही साधारण पाचवा हिस्सा शिल्लक होता. आपल्याला काही आठवत नाही असं वाटत असतानाही डोक्यात खुणा राहिलेल्या असतात, आणि पुन्हा शिकणं पहिल्यापेक्षा सोपं जातं. उजळणी केली की ती गोष्ट दरवेळी आणखी हळू विसरली जाते. हातांनी करायच्या कामालाही हे लागू आहे. छाती दाबण्याचं कौशल्य प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांतच ढिलं पडू लागतं, असं अनेक पाहण्यांत दिसलंय. प्रमाणपत्राची मुदत मात्र वर्षांत असते.

यातला पेच बाळंतपणाच्या खोलीत सगळ्यात तीव्र होतो. जन्मलेल्या दहा बाळांपैकी साधारण एकाला श्वास सुरू करायला काही ना काही मदत लागते. बहुतेकांना कोरडं पुसणं, पाठ चोळणं पुरतं. काहींना मात्र पिशवी आणि मास्क लावून श्वास द्यावा लागतो, तोही जन्मानंतर मिनिटभराच्या आत सुरू व्हायला हवा. आता विरूर स्टेशनच्या बाजूचं किंवा जिवतीच्या डोंगरातलं एखादं छोटं केंद्र घ्या. तिथे महिन्याकाठी मोजकीच बाळंतपणं होत असतील, तर असं निळं पडलेलं, न रडणारं बाळ सिस्टरच्या हातात कित्येक महिन्यांतून एखादं येणार. ज्या कौशल्यावर जीव अवलंबून आहे तेच सगळ्यात कमी वापरलं जातं, आणि म्हणून सगळ्यात लवकर विसरलं जातं. मोठ्या शहरातल्या लेबर रूमला ही अडचण एवढी नसते. जंगलातल्या सिस्टरला उजळणीची गरज शहरातल्या सिस्टरपेक्षा जास्त आहे.

यावरचा एक उपाय रबरी आहे. नॉर्वेतल्या आस्मुंड लॅर्दाल या खेळणी बनवणाऱ्याने १९६० साली श्वास देण्याच्या सरावासाठी मोठ्या माणसाएवढी बाहुली बनवली. त्याच्या कंपनीने पुढे नवजात बाळाचीही बाहुली काढली. तिच्यात कोमट पाणी भरतात, त्यामुळे ती हातात घेतली की खऱ्या बाळाएवढं वजन लागतं, मान तशीच लुळी पडते, अंग उबदार लागतं. शिकवणारी बाजूला बसून छोटे फुगे दाबते, तशी नाळेत ठोके जाणवतात, छाती हलते, रडण्याचा आवाज येतो. ती दाबायची थांबली की बाळ गप्प.

मग शिकणारीने मास्क धरायचा. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली बोटं हनुवटीखाली. मान किंचित मागे, फार वाकवली तरी श्वासनलिका दुमडते आणि फार ताणली तरी बंद होते. पिशवी दाबायची, सोडून दोन-तीन म्हणायचं, पुन्हा दाबायची, मिनिटाला ४० ते ६० वेळा. सगळं बरोबर असेल तरच बाहुलीची छाती वर येते. मास्कच्या कडेने जरा हवा सुटली की छाती हलत नाही. बाहुली शाबासकी देत नाही आणि रागावतही नाही, पण चुकलं की लगेच दाखवते. सुश्रुताने शिष्यांना कोहळ्या-काकडीवर चीर द्यायचा सराव करायला सांगितला होता, त्याच जातीचं हे शिक्षण.

याच बाहुलीवरून टांझानियातल्या हायडम इथल्या रुग्णालयात जे कळलं, ते मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतं. तिथे कर्मचाऱ्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. काही महिन्यांनी तपासलं, तर बाहुलीवर त्यांची कामगिरी चांगलीच सुधारलेली होती. पण खऱ्या बाळांच्या वेळी ते पूर्वीसारखंच करत होते. प्रशिक्षणाचा दिवस झाला, प्रमाणपत्र मिळालं, बाहुलीवरच्या परीक्षेत बहुतेक पास, आणि खऱ्या बाळांवरच्या कामात सुधारणा नाही. २०१३ साली हा निष्कर्ष प्रामाणिकपणे छापला गेला. दरम्यान त्याच रुग्णालयाने बाहुली लेबर रूममध्येच ठेवली आणि कामाच्या मध्येच थोडा थोडा, पण वारंवार सराव सुरू केला. पहिल्या २४ तासांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ११ वरून ७ वर आलं.  बदलली होती ती मुख्यतः शिकवायची रीत.

आपल्यासाठी गंमत अशी की ही गोष्ट राजुऱ्याहून चंद्रपूर, मूल, सावली करत वैनगंगा ओलांडली की लागणाऱ्या गडचिरोलीत त्याच्या खूप आधी घडून गेली आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली ती १९८० च्या दशकाच्या मध्यात. सुरुवातीचं मोठं काम न्यूमोनियाचं. बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटात श्वास किती ते मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त आणि त्याहून मोठ्यात ५० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. पण गावातल्या दायांना एवढे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक साधं यंत्र केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळाच्या ओळीत सहा मणी, मोठ्याच्या ओळीत पाच, शेवटचा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर औषध सुरू करायचं. ज्या बाईला साठ हा आकडा येत नाही ती साठ श्वासांचं निदान अचूक करू शकते, हे मला आजही विलक्षण वाटतं. या कामाने न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्यावर आले, आणि १९९० साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

त्यानंतर १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायचं काम उभं राहिलं. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. वजन, ताप, श्वास, स्तनपान पाहायचं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं ठरावीक संख्येने दिसली तर आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. या गावांत हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत २५ च्या आसपास आला. तुलनेच्या ४७ गावांत तो जिथल्या तिथेच होता. १९९९ च्या डिसेंबरात हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि जगभर गाजलं.

गाजले ते आकडे. माझं लक्ष मात्र दोन बारीक गोष्टींकडे जातं. पहिली, दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर प्रत्येक गावात जात होता. तो उपचार करायला जात नव्हता. आरोग्यदूताने भरलेला कागद तो तिच्यासमोर तपासायचा, पुन्हा बाळ पाहायचा, चुकलं असेल तिथे दाखवायचा आणि निघून यायचा. वर्गात शिकलेलं विसरायच्या आत, तिच्याच गावात, तिच्याच बाळावर उजळणी. दुसरी, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायची पद्धत या गावांत काही वर्षांत दोनदा बदलली. आधी दाया तोंडाने श्वास देत. मग आरोग्यदूतांना नळी आणि मास्क शिकवलं. १९९९ च्या सुमारास त्याजागी पिशवी आणि मास्क आले. आधीच्या रीतीवर हात बसलेला असताना तीच बाई नवी रीत शिकली. दाई आणि आरोग्यदूत मिळून काम करू लागल्यापासून गुदमरण्याने होणारे मृत्यू सुमारे ६५ टक्क्यांनी घटले. इतक्या थोड्या शालेय शिक्षणावर नोकरीतलं शिक्षण इतकं वर चढू शकतं, याचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच वेगळ्या तऱ्हेने केलं. गावोगावच्या आरोग्य सेविका, त्यातल्या कित्येक निरक्षर, आठवड्यातून एकदा केंद्रावर जमत, गावात काय झालं ते सांगत, एकमेकींकडून शिकत. ते प्रशिक्षण कधी ‘पूर्ण’ होतच नव्हतं.

गडचिरोलीतली ही रीत पुढे देशभरच्या आशांच्या पुस्तकात गेली. आशांचं सहावं आणि सातवं मॉड्यूल एकूण २० दिवसांचं, पण ते सलग शिकवायचं नाही. पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या, आणि मधल्या काळात गावात काम. एबिंगहाउसने हे पाहिलं असतं तर तो खूश झाला असता. आशाताई बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा जाते, बाळंतपण घरी झालं असेल तर सात. २०१८ पासून त्यात तीन ते पंधरा महिन्यांच्या बाळांच्या भेटी वाढल्या. मग तिशीपुढच्या माणसांचे रक्तदाब-मधुमेहाचे फॉर्म आले. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेने तपासणीचा जोर वाढवला, आणि तो आजार तर आपल्या पट्ट्यात पुष्कळ आढळणारा.

राजुऱ्यात याला आणखी एक पदर आहे. हा तालुका निजामाच्या राज्यातला, १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. प्रशिक्षण मराठीत होतं, पण ताईला तेच घरी जाऊन कुठे तेलुगूत, कुठे गोंडीत, आणि डोंगरावरच्या गुड्यांत कोलामीत सांगावं लागतं. सिकलसेलचा वाहक आणि रुग्ण यातला फरक दोन वाक्यांत, कुणालाही न दुखावता, लग्नाच्या बोलणीच्या आधी समजावणं हे कुठल्याही परीक्षेत विचारलं जात नाही. महिन्याच्या बैठकीत एखादी अनुभवी ताई हे कसं सांगते ते बाकीच्या ऐकतात, आणि माझ्या मते अहवाल गोळा करण्यापेक्षा तो अर्धा तास मोलाचा आहे. आशांच्या गटप्रवर्तकांनी तो राखून ठेवावा.

माझं एक मागणं आहे. परिचर्या परिषदेच्या १५० तासांत सभागृहातली भाषणं आणि मोबाइलवरचे कोर्स धरले जातात, ते धरावेतच, नवं काय आलं ते त्यातून कळतं. पण राजुरा, कोरपना, जिवतीत जिथे जिथे बाळंतपणं होतात तिथल्या लेबर रूममध्ये एक बाहुली आणि एक पिशवी-मास्क उघड्यावर, टेबलावर हवं. आठवड्याला पाच मिनिटं सिस्टरने सराव करायचा, जोडीदारणीने छाती वर येते का ते बघायचं आणि वहीत तारीख घालून सही करायची. वर्षाचे होतात सव्वाचार तासांच्या वर. पाच वर्षांत एकवीस तास चाळीस मिनिटं. ते १५० तासांत मोजले जावेत.